बत्तिसावं माप

माझ्याकडे कोळशाची एक इस्त्री आहे. झाकण उघडतं, आत निखाऱ्यांची जाळी आहे, मूठ खऱ्या लाकडाची आहे आणि लांबी बरोबर पाऊण इंच आहे. ती बघणारा प्रत्येक जण आधी चष्मा पुसतो आणि मग विचारतो, "नातवंडांसाठी का?" मला नातवंडं नाहीत. असती तरी त्यांना मी हात लावू दिला नसता.

इस्त्रीच्या शेजारी कंदील आहे, कपडे घासायची नालीदार पत्र्याची फळी आहे, मसुरीच्या डाळीएवढ्या पारड्यांचा तराजू आहे, आणि चाक फिरवलं की जिची सुई खरंच वरखाली होते अशी शिलाई मशीन आहे. सगळं जुन्या घरांतलं, आता सहसा कुणाच्या घरात न दिसणारं. काही जुन्या बाजारात मिळालं, थोडं एका घड्याळजीच्या बायकोनं तो गेल्यावर दिलं, आणि उरलेलं मी स्वतः केलं. अठ्ठावीस वर्षं मी दातांच्या कवळ्या करत होते. ज्या माणसाचं तोंड आपण कधी बघितलं नाही त्याच्या तोंडात चपखल बसेल असं काहीतरी नुसत्या साच्यावरून करायचं, हेच माझं काम. त्यामुळे निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात आणि ती बारीक हत्यारंही टाकवेनात.

या छंदात नियम एकच. खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे माझ्याकडे एक इंच, आणि अंदाजानं काहीही करायचं नाही. वस्तू समोर हवी, टेप हातात हवी. म्हणून मी लोकांच्या घरी जाते, त्यांच्या माळ्यावरच्या किटल्या आणि कोपऱ्यातली घड्याळं मोजते आणि वस्तू जिथल्या तिथे ठेवून परत येते. नवरा म्हणतो, "ही गावभर चहा पीत हिंडते आणि त्याला माप घेणं म्हणते." त्याचंही खोटं नाही.

या सगळ्यात एक स्वयंपाकघर आहे. बाकीच्या वस्तू कुणाकुणाच्या आहेत, स्वयंपाकघर आमच्या आईचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पाच महिने ती पुढच्या खोलीत पलंगावर होती. करायला माझी मोठी बहीण होती. ताई शिंपीण. तिनं मशीन आईच्या घरी आणून ठेवली होती, गिऱ्हाइकं तिथेच यायची, आणि मधल्या वेळात ती आईचं सगळं करायची. मी रविवारी जायचे. रविवारी जाणाऱ्या मुलीला काय, दोन मोसंबी आणि चार गोड गोष्टी घेऊन गेलं की झालं. हे ताईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते ऐकू यायचं.

एका रविवारी आई हळूच म्हणाली, "माझं स्वयंपाकघर कसं आहे गं? सगळं जागच्या जागी आहे ना?"

नव्हतं. ताईनं आपल्या सोयीनं सगळं हलवलं होतं. डबे खाली आले होते, ओट्यावर औषधं होती, भांड्यांच्या कपाटात अर्धे धाग्यांचे बॉबिन होते. ती तरी काय करणार, एकटी बाई दोन संसार एका घरात चालवत होती. मी आईला म्हटलं, "मी तुला इथेच आणून दाखवते. बुटाच्या खोक्याएवढं करते, मांडीवर घेऊन बघ." आई किती दिवसांनी हसली. म्हणाली, "तिला सांगू नकोस हं. तिला वाटेल, मी तिचं काम तपासतेय."

म्हणून मी गुपचूप मोजत होते. ओटा, फळ्या, खिडकी, दाराची चौकट. पुढच्या रविवारी ताई औषधं आणायला गेली तेव्हा मी स्टुलावर चढून भांड्यांच्या कपाटाला टेप लावतच होते, तेवढ्यात ती परत आली. हातात औषधांची पिशवी, केस विस्कटलेले, चार महिन्यांचं जागरण डोळ्यांखाली.

"काय मोजतेस?"

"कपाट."

"आई अजून आत श्वास घेतेय," ती म्हणाली, "आणि तू सामान मोजायला लागलीस?"

मी खरं ते सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. पण आमच्या घरात राग नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या दिवशी तो माझ्या नाकावर होता. मी स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "हो. पुढेमागे वाटणी करायची ना? मग आधी मोजलेलं बरं."

ताईनं फक्त दार उघडं धरलं. तीन आठवड्यांनी आई गेली. तोवर माझ्याकडे ओटा आणि दोन फळ्या एवढंच तयार होतं, आणि ते मी तिला दाखवलंही नव्हतं, कारण सगळं झाल्यावर एकदम दाखवायचं असं माझ्या मनात होतं. त्यानंतर ताई आणि मी गरजेपुरतं बोललो, आणि मग गरजही संपली.

स्वयंपाकघर मात्र मी करत राहिले. फळ्यांवर डबे आले, खिडकीला गज लागले, खुंटीवर आईचा टॉवेल आला. कपाटाची जागा रिकामी राहिली. त्याचं माप त्या रविवारी अर्ध्यातच सुटलं होतं आणि ते कपाट आता ताईकडे होतं. नवरा म्हणायचा, फोटोवरून कर की. मी म्हणायचे, आमच्यात अंदाजानं करत नाहीत. तो कोड्यात पडल्यासारखा माझ्याकडे बघायचा. मला कपाट हवं होतं यात शंका नाही, पण त्याहून मला ताई हवी होती. बाजारात पाठमोरी एखादी उंच बाई दिसली की मी चालायचा वेग वाढवायचे आणि तिचा चेहरा दिसला की उगाच भाजीच्या गाडीपाशी थांबायचे. अकरा वर्षं असं चाललं होतं.

यंदा आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला दालनातलं काचेचं मोठं शोकेस महिनाभरासाठी देऊ केलं. सडपातळ गृहस्थ, रस्त्यातही कुजबुजत बोलतात. त्यांनी सगळ्या वस्तू बघितल्या आणि स्वयंपाकघरापाशी येऊन विचारलं, "इथे काहीतरी असायला हवं ना?"

परक्या माणसालाही दिसत होतं. मी त्याच दिवशी ताईला पत्र लिहिलं. सहा वेळा फाडलं. शेवटी एवढंच राहिलं: आईच्या कपाटाचं माप हवं आहे, अर्धा तास लागेल. चौथ्या दिवशी उत्तर आलं, तेही शिंपिणीच्या दुकानाच्या पावतीच्या पाठीवर: गुरुवारी तीन ते चार मी दुकानात असते.

ताईचं दुकान एका गल्लीच्या टोकाला आहे. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. खोलीत कापायचं लांब टेबल, खडूची पूड, कच्चे टाके घातलेले कोट हँगरवर. आणि भिंतीशी आईचं कपाट. वरच्या काचांमागे आईच्या कपबशा असायच्या तिथे आता रंगवार धागे होते. कपाटाची एक बाजू भिंतीला आणि दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे छातीपर्यंत रचलेले.

ताई मशीनवर होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"आलीस?"

"हो."

"कपाट तिथे आहे."

"दिसतंय."

अकरा वर्षांनंतरचं आमचं एवढंच बोलणं. मी टेप काढली आणि मोजायला लागले. आकडे मनाशी पुटपुटत वहीत लिहीत होते. तिसऱ्या आकड्याला मशीन थांबली.

"पुटपुटू नकोस," ताई म्हणाली. "मोठ्यानं सांग."

ती उठली, मापांची वही घेतली, दोन पानांमध्ये कार्बन सरकवला आणि कानावरची पेन्सिल काढली. शिंप्यांकडे हीच रीत. एकानं टेप धरायची आणि आकडा बोलायचा, दुसऱ्यानं तो परत म्हणून लिहायचा. "बोल," ती म्हणाली.

"उंची, बहात्तर."

"बहात्तर."

"रुंदी, बेचाळीस."

"बेचाळीस."

लहानपणी शाळेच्या फ्रॉकसाठी माझं माप ताईच घ्यायची. मी भिंतीला टेकून उभी, ती गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. प्रत्येक आकडा ती असाच परत म्हणायची आणि शेवटी माझ्या डोक्यावर टपली मारून सांगायची, "बारके, दीड इंच वाढलीस." मला तेव्हा वाटायचं, ताईनं मोजल्यामुळेच मी वाढते. काचेच्या दाराची चौकट मी दोनदा मोजली आणि मग आकडा सांगितला. ताईनं तो आकडाही परत म्हटला आणि लिहिला.

खणाच्या तोंडाचं माप घेत होते तेव्हा ती वहीतून वर न बघता सवयीनं म्हणाली, "श्वास सोडा." कपाटाला. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. दोघींपैकी एक जरी हसली असती तर दुसरी थांबली नसती. पण कोणीच पुढाकार घेतला नाही, आणि मी पुढचा आकडा सांगितला.

एकतीस मापं झाली. बत्तिसावं राहिलं होतं, कपाटाची खोली, म्हणजे समोरच्या कडेपासून मागच्या फळीपर्यंत. त्यासाठी तागे हलवायला लागणार होते. तेवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक कोटाची ट्रायल घ्यायला आलं आणि माझ्या डोक्यात एक लबाडी आली. माझ्या कामात माप अर्धवट सोडून येणं म्हणजे नामुष्की. अख्ख्या आयुष्यात मी ते केलं नव्हतं. पण हे एक राहिलं तर मला परत यावं लागेल. येणं भागच पडेल, त्यात माझा काही दोष नसेल.

"झालं माझं," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

ताईनं कागदाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग तो फाडून माझ्या हातात दिला, कार्बनची प्रत वहीत राहू दिली आणि टेप गळ्यात टाकून बाहेर गेली.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे चोरी करायला गेलीस आणि पिशवी तिथेच विसरून आलीस." मला राग आला नाही. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक करताना गाणं गुणगुणत होते, असं तो नंतर चार जणांना सांगत होता. पुढच्या गुरुवारी काय बोलायचं तेही मी ठरवून टाकलं. आधी माप, मग चहा, मग आईचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"खोली राहिलीय तुझी," ती म्हणाली. "मी तागे हलवून घेतली. एकवीस इंच. लिहून घे."

"घेतली."

"ठीक आहे." आणि फोन बंद.

मी खुर्चीत बसून राहिले. नवऱ्यानं दोनदा विचारलं काय झालं, मी दोनदा काही नाही म्हणाले. काय सांगणार? मी परत येऊ नये म्हणून माझ्या बहिणीनं सत्तराव्या वर्षी एकटीनं कापडाचे तागे उचलले होते. इतकी मी तिला नको होते. रडू आलं ते मी आंघोळीच्या पाण्यात उरकून घेतलं.

एकवीस इंच मला जरा जास्त वाटले, पण ताईच्या मापावर शंका घ्यायची म्हणजे कॅलेंडरवर शंका घेण्यासारखं. माणूस दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याच्या छातीचा घेर सांगणारी बाई ती. मी आकड्याला बारानं भागलं आणि कामाला लागले. स्वयंपाकघर आधीच वाचनालयात नेऊन ठेवलं होतं, कपाट मात्र घरी करत होते. आठ दिवस लागले. काचा सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांमधून कापल्या, खणांच्या मुठी टाचणीच्या डोक्यांच्या केल्या. आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. कपाट मात्र असं झालं की मलाच माझा हेवा वाटावा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते वाचनालयात घेऊन गेले. ग्रंथपालांनी शोकेसची काच सरकवली. मी चिमट्यानं कपाट उचललं, दाराशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार उघडायला गेले. दार अर्धं उघडलं आणि कपाटाला अडलं. परत ढकललं, परत अडलं. कपाट दारात आलं होतं.

माझी अकरा वर्षांपूर्वीची वही पिशवीत होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, कोपऱ्यापासून चौकटीपर्यंत सोळा इंच. सोळा इंचांच्या कोपऱ्यात एकवीस इंचांचं कपाट आई कसं ठेवेल?

"दार बंदच ठेवूया," ग्रंथपाल कुजबुजले. "कुणाच्या लक्षात येतंय?"

"आईनं ते दार आयुष्यात बंद केलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज दालनभर गेला आणि वर्तमानपत्र वाचणारे दोघं मान वर करून बघायला लागले.

चूक माझ्या मापात नव्हती. ताई चुकत नाही. राहिलं एकच: तिनं मुद्दाम खोटा आकडा दिला. त्या रविवारचा राग अकरा वर्षं जपून ठेवला आणि नेमका माझ्या प्रदर्शनावर काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाचनालयाच्या पायरीवर आले आणि फोन लावला.

"ताई, माप चुकलंय."

"कुठलं?"

"खोलीचं. एकवीस नाहीयेत."

पलीकडे मशीन चालू होती ती थांबली.

"नाहीतच मुळी," ती म्हणाली.

"म्हणजे मुद्दाम दिलंस?"

"तू मुद्दाम सोडलंस, मी मुद्दाम दिलं. एकतीस मापं घेऊन तू खोली विसरशील, हे मला पटेल असं वाटलं तुला?"

"उद्या प्रदर्शन आहे माझं. माझं हसं करायचं होतं का?"

"हसं कशाला करू?" ती म्हणाली. "मला वाटलं, आकडा बघितल्याबरोबर तुला कळेल. संध्याकाळपर्यंत भांडायला येशील. मी त्या दिवशी शेवटचं गिऱ्हाईक परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. नऊ दिवस लावलेस तू."

मी पायरीवर बसले.

"तुझ्या मापावर मी शंका कशी घेणार, ताई?"

"घ्यायची होतीस एखाद वेळी."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. ठरवलेलं काहीच आठवेना. मग तोंडातून आलं ते असंच आलं. "त्या रविवारी मी आईसाठी मोजत होते. तिला तिचं स्वयंपाकघर बघायचं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"आईनंच सांगितलं, त्याच संध्याकाळी. तू रडत गेलीस ते तिनं खिडकीतून बघितलं होतं."

"मग अकरा वर्षं का बोलली नाहीस?"

"वाटणी असं तू म्हणाली होतीस. मी म्हटलं, बोललीय ती, तीच येऊन मागे घेईल. तू येईनास. मग मला वाटलं आपणच जावं, पण तोवर इतके दिवस झाले होते की जायची लाज वाटायला लागली. आणि मग, बारके, त्या लाजेचीच सवय झाली."

मला बारके म्हणणारं दुसरं कुणी आता उरलं नाही. मी पदर तोंडाशी धरून बसले होते, आणि पलीकडून तिचाही श्वास नीट येत नव्हता हे मला ऐकू येत होतं.

"पंधरा इंच आहेत," ती शेवटी म्हणाली. "लिहून घेतलंस?"

"घेतलं."

"परत म्हण."

"पंधरा."

"बरोबर," ताई म्हणाली. "आता मोजायचं काही राहिलेलं नाही. तरी ये."